काळ्या यादीतलं पहाटपत्र

सोमवार, ४

आज माझी सगळी पत्रं परत आली.

सकाळी आठला पहाटपत्र पाठवलं, चहा कपात ओतते न ओतते तोच संगणक टुंग टुंग वाजायला लागला. एकामागून एक मेल. चार महिने मी रोज लिहिते आहे, पण एकाही सदस्याने कधी उत्तर लिहिलं नव्हतं. आज एकदम सगळ्यांना कंठ फुटला! मी चक्क टाळ्या वाजवल्या. मग उघडून पाहिलं, तर सगळ्यांत एकच मजकूर: तुमच्या सर्व्हरचा पत्ता आमच्या काळ्या यादीत आहे, त्यामुळे तुमचं पत्र स्वीकारता येत नाही.

काळी यादी! मी! शाळेत वर्गात बडबड करणाऱ्यांच्या यादीतसुद्धा माझं नाव कधी आलं नव्हतं. अर्थात ती यादी मीच लिहायचे.

ही वही आजच सुरू करते आहे, म्हणून नीट लिहून ठेवते. मी बेकरीवाल्यांच्या सहकारी संस्थेचं कार्यालय सांभाळते. सध्या उमेदवारीवर आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. बाबा अध्यक्षकाकांच्या बेकरीत भट्टीवर आहेत आणि आई तिथेच विक्रीला असते, त्यामुळे संस्थेतले सगळे मला फ्रॉकात असल्यापासून ओळखतात. रुजू झाल्यावर मी समितीपुढे भाषण केलं की आपलं टपाल परक्याच्या दारातून कशाला, आपलं स्वतःचं दार हवं. समितीने ते मानलं. मी भाड्याच्या मशीनवर संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला आणि त्यावरून रोज पहाटपत्र पाठवू लागले: एक विचार, सहकाराचा इतिहास (आज भाग त्र्याऐंशीवा), पिठाचा भाव, हवेतला दमटपणा आणि शेवटी एक कविता. कविता माझीच असते.

आमच्या जवळजवळ सगळ्या सदस्यांचे मेल एकाच कंपनीकडे आहेत. तिला मी थोरली कंपनी म्हणते. ही काळी यादी तिचीच.

दुपारी सोमवारची ‘चव’ झाली. दर सोमवारी समितीवरचे सगळे आपापल्या बेकरीतला एकेक पाव आणतात. प्रत्येकाने प्रत्येकाच्या पावाचा एक घास घ्यायचा आणि ‘छान’ म्हणायचं, असा जुना रिवाज आहे. अध्यक्षकाकांचा काळपट आंबट पाव तर सगळे डोळे मिटून खातात, इतका तो आवडतो. आणि मला सगळ्यात आवडते ती टेबलाखालची बादली. घास घेऊन झाला की उरलेलं प्रत्येक जण गुपचूप त्या बादलीत टाकतो. मागच्या गल्लीतली कोंबडीवाली ती घेऊन जाते. स्वतःच्या तोंडचा घास कोंबड्यांसाठी काढून ठेवायचा आणि त्याचा गाजावाजाही करायचा नाही! अशा माणसांसाठी काम करायला मिळतं हे माझं भाग्य.

मी विचारलं, “आजचं पहाटपत्र आलं नाही ना कोणाला?”

“नाही आलं का?” चाळणीमावशी म्हणाली. बेकरीबरोबर तिची पिठाची चक्कीही आहे आणि माणसंही ती पिठासारखीच चाळून घेते, म्हणून हे नाव. “अगं बाई. चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं खरं.”

“रोज किती छान असतं,” अध्यक्षकाका म्हणाले.

“छान,” सगळे म्हणाले.

यांच्यासाठी मी थोरल्या कंपनीशीच काय, कोणाशीही भांडेन.

मंगळवार, ५

थोरल्या कंपनीचा अर्ज सापडला. पत्ता यादीतून काढावा अशी विनंती करायची असते. ‘थोडक्यात कारण लिहा’ अशी चौकट होती. मी थोडक्यात लिहायला बसले ते दुपारी उठले. आम्ही कोण, आमच्या भट्ट्या पहाटे कशा पेटतात, सहकार म्हणजे काय, आणि निरपराध पत्राला दारातून हाकलणं हा माणसामाणसातल्या विश्वासाचा कसा अपमान आहे. अर्ज पाठवून वळते तोच उत्तर! थोरल्या कंपनीत इतकं भराभर वाचणारी माणसं आहेत, याचं कौतुक वाटलं.

‘धन्यवाद. तुमचा पत्ता सवलतीस पात्र नाही.’

आईला सांगितलं. ती विक्रीवरून येऊन पाय पसरून बसली होती. म्हणाली, “मग काही दिवस पत्र नाही का येणार?”

“नाही ना.”

“अरेरे,” म्हणाली आणि भिंतीला टेकून लगेच झोपली. दुःखाने माणूस थकतो.

गुरुवार, ७

मशीन ज्यांच्याकडून भाड्याने घेतलं त्या कंपनीच्या मदत कक्षाला तक्रार लिहिली. त्यांच्याकडे प्रत्येक तक्रारीला तिकीट म्हणतात. माझ्या तिकिटाला उत्तर देणाऱ्या इंजिनियरांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, मी त्यांना तिकीटवाले म्हणते. माणूस कामाला चोख. मी तीन पानं लिहिली, त्यांनी फोनच केला.

“मॅडम, या पत्त्यावर तुमच्या आधी दुसरा भाडेकरू होता.”

“कोण?”

“टकलावर केस उगवायचं तेल विकायचा. दिवसाला लाखभर मेल.”

म्हणजे आम्ही बदनाम घरात राहायला आलो आहोत! शेजारीपाजारी दारं लावून घेतात ते त्या आधीच्या टकल्यामुळे. (टकला तो नव्हे, त्याची गिऱ्हाइकं. तरी रागात मी त्यालाच टकला म्हणणार.)

शिवाय आणखी एक गोष्ट निघाली. पत्त्याकडे बोट दाखवून ‘इथे कोण राहतं’ असं विचारलं तर संस्थेचं नाव यायला हवं. येत होतं मशीनवाल्यांचं. दारावरची पाटीच दुसऱ्याची! तिकीटवाल्यांनी ती तिथल्या तिथे बदलून दिली. म्हणाले, “आता तुमच्या बाजूने सगळं नीट आहे. फक्त पत्रं दुसरीकडे पोचतात का हे पाहायला हवं. माझा मेल थोरल्या कंपनीकडे नाही. चाचणी म्हणून माझा पत्ता तुमच्या पहाटपत्रात घाला.”

घातला. एक जुनंच पहाटपत्र लगेच पाठवलं. परत आलं नाही!

शुक्रवार, ८

तिकीटवाल्यांना पहाटपत्र पोचलं. उत्तर आलं: ‘मिळालं. तिसऱ्या कडव्यात वाफेला पदर म्हटलंय ते चांगलं आहे.’ तपासणी किती बारकाईने करतात! मजकूर मधेच तुटत नाही ना, हेही पाहतात.

सोमवार, ११

आज चव झाल्यावर सचिवांनी विषय काढला. सचिवांचा मेहुणा मेलची सेवा विकतो, आधी आपलं टपाल त्याच्याच दारातून जायचं. सचिव म्हणाले, “वार्षिक सभा पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला. नोटीस पंधरा दिवस आधी पोचली पाहिजे. म्हणजे या महिन्याची तीस. नोटीस जाणार कशी?”

“आपण फोन करू सगळ्यांना,” अध्यक्षकाका म्हणाले.

सचिवांनी ठराव वाचून दाखवला. ‘सभेची नोटीस केवळ संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून मेलने पाठवण्यात येईल, अन्य कोणतीही नोटीस ग्राह्य धरली जाणार नाही.’

“हे कोणी लिहिलं असलं?” काका म्हणाले.

मीच. ‘केवळ’ हा शब्दही माझाच. तेव्हा तो फार बाणेदार वाटला होता.

“तीस तारखेपर्यंत नोटीस गेली नाही तर सभा रद्द,” सचिव म्हणाले. “मग सर्व्हर बंद करून काम पुन्हा बाहेर द्यायचं. आणि काम बाहेर गेलं की कार्यालयात पूर्ण वेळ माणूस कशाला? ताई, तुझ्यावर राग नाही हं. तू छानच काम करतेस.”

“छान,” सगळे पावाकडे बघत म्हणाले.

मी घाबरले. पण भीतीबरोबर एक विचित्र उत्साहही आला, परीक्षेत पेपर हातात पडताना यायचा तसा. घरी आईबाबांना काही सांगितलं नाही. बाबा माझं पदवीचं प्रमाणपत्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. नोकरी गेल्याचा कागद ते कोणाला दाखवणार?

बुधवार, १३

तिकीटवाले कार्यालयात आले! म्हणाले, “मशीन एकदा बघून घेतो.” मी सांगितलं की मशीन इथे नाही, तुमच्याच इमारतीत आहे. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. इतकी मशीनं सांभाळताना होतं असं.

उंच आहेत, आणि खुर्चीत बसताना गुडघ्यांचं काय करावं हे त्यांना कळत नाही. मी खायला विचारलं, कार्यालयात होता तो अध्यक्षकाकांचा आंबट पाव कापला. त्यांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ थांबले, पाणी प्याले आणि म्हणाले, “छान आहे.” मी आणखी दोन काप वाढले. तेही खाल्ले. एक तुकडा उरला नाही. मी इतकी वर्षं तो पाव बघते आहे, पण असा खाणारा माणूस पाहिला नव्हता.

जाताना म्हणाले, “रविवारी पहाटपत्र नसतं का?”

“रविवारी बेकऱ्या अर्धा दिवस.”

“हां. चाचणीच्या दृष्टीने रविवारीही गेलेलं बरं.”

बरोबर आहे. रविवारीही पाठवायचं.

शनिवार, १६

‘धन्यवाद. तुमचा पत्ता सवलतीस पात्र नाही.’ आजवर चौथ्यांदा. वाक्यात काना-मात्रेचा फरक नाही. माझा आता संशय आहे की तिथे कोणी माणूस नसावाच.

मी पाचवा अर्ज लिहिला. त्यात कविता घातली.

बुधवार, २०

माणूस आहे! थोरल्या कंपनीत एक खराखुरा माणूस आहे! सही नाही, पण उत्तर वेगळं आहे. आधी लिहिलंय, ‘कविता वाचली.’ बस्स, मत नाही. मग लिहिलंय: ‘पत्त्याचा जुना इतिहास आम्ही केव्हाच बाजूला ठेवला आहे. अडचण सध्याची आहे. तुमची पत्रं ज्यांना मिळत होती त्यांच्यापैकी फार मोठ्या संख्येने लोकांनी ती स्वतःच “नकोशी” ठरवून बाजूला ढकलली. ते बटण दाबलं की ती आमच्याकडे तक्रार म्हणून नोंदली जाते. हे का होतं ते शोधा, थांबवा आणि मग आम्हाला लिहा.’

म्हणजे टकला निर्दोष!

पण हे कसं शक्य आहे? आमच्या सदस्यांनी? दर सोमवारी तोंड भरून छान म्हणणाऱ्या माणसांनी? यामागे कोणीतरी आहे. मी तिकीटवाल्यांना फोन लावला आणि सांगितलं की आमच्या सदस्यांच्या फोनमध्ये कोणीतरी घुसून बटणं दाबतंय, बहुतेक सचिवांचा मेहुणा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “असंही असू शकेल. किंवा… तुम्ही त्यांनाच विचारून पाहिलंत का?”

“विचारते ना दर सोमवारी.”

“आणि ते काय म्हणतात?”

“छान म्हणतात!”

“हं,” ते म्हणाले. “कोणी दाबलं त्यांची नावं कदाचित काढता येतील.”

मी साफ नाही म्हटलं. आपल्या माणसांच्या पाठीमागे त्यांची नावं शोधायची? मग माझ्यात आणि मेहुण्यात फरक काय?

रविवार, २४

समितीचा धीर सुटत चाललाय. मी ठरवलं, त्यांना उभारी द्यायची. उद्या चवीसाठी मी स्वतः पाव करून नेणार. भट्टीवाल्याची मुलगी असून मी आजवर पीठ मळलेलं नाही, घरी सगळे म्हणायचे तू अभ्यास कर. पण शंभर भाग सहकाराचा इतिहास लिहिणाऱ्या मुलीला एक पाव जमणार नाही?

आई ओट्याशी येऊन बघून गेली. म्हणाली, “फुगला नाही वाटतं.”

“तो वेगळा प्रकार आहे.”

“छान,” म्हणाली.

सोमवार, २५

आजचं लिहिताना मला अजून हसू आवरत नाहीये. मधेच रडूही आलं होतं, पण ते हसण्याच्या मध्येच आल्यामुळे धरत नाही.

पाव नेला. त्याला सुरी लागेना. अध्यक्षकाकांनी दोन्ही हातांनी रेटून कापला. प्रत्येकाने घास घेतला, प्रत्येकाच्या दाताखाली काहीतरी कुरकुरलं. चाळणीमावशी म्हणाली, “छान.” सचिव म्हणाले, “छान.” काकांनी आवंढा गिळला आणि म्हणाले, “फारच छान. बाबांचा हात आलाय बरं का!” मी आनंदाने लाल झाले. आनंदात पेन खाली पडलं. ते घ्यायला मी टेबलाखाली वाकले.

बादली भरली होती. माझ्या पावाने. सगळे काप, प्रत्येकाला एका दाताची खूण. आणि मी टेबलाखाली असतानाच वरून एक हात आला, अंगठीवरून कळलं की काकांचा, आणि त्या हाताने उरलेला निम्मा पाव अलगद, आवाज होऊ नये म्हणून बादलीच्या कडेने आत सोडला. किती हळुवार! झोपलेलं मूल ठेवावं तसा.

मी तिथेच बसून राहिले. आणि टेबलाखालच्या त्या अंधारात माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. बादली. बटण. छान.

वरून मावशी म्हणाली, “सापडलं का गं पेन?”

“सापडलं,” मी म्हटलं. “सगळंच सापडलं.”

वर आले तेव्हा माझा चेहरा बघून सगळे पटापट उठले आणि आपापल्या कामाला निघाले. मावशीचा मात्र मी जिन्यात पदर धरला.

“मावशी, ती बादली कोंबड्यांवरच्या मायेपोटी नाही ना?”

“अगं, कोंबड्यांवर कशाला माया करू मी?” मावशी म्हणाली. “तोंडावर कोणाला वाईट म्हणायचं नाही, एवढंच. रात्रभर राबून माणूस पाव घेऊन येतो. त्याला कुठे बोलायचं?”

“आणि माझं पहाटपत्र?”

ती कठड्यावरचं पीठ पुसायला लागली. कठड्यावर पीठ नव्हतं.

“मावशी.”

“तिथे एक बटण आहे,” ती म्हणाली. “दाबलं की पत्र समोरून जातं. तुला बंद कर म्हणायचं, तर तू एवढ्या हौसेने लिहितेस. ते दाबलं तर कोणाला कळत नाही, कोणाचं मन मोडत नाही. मीच शोधलं ते बटण. मग सगळ्यांना दाखवलं.”

“सगळ्यांना?”

“तुझी आई आली होती विचारायला. तिलाही.”

यावर मला जे हसू फुटलं, ते थांबेचना. मावशी घाबरली, मग तीही हसायला लागली. “अगं पण पत्र येतं सकाळी आठला! रात्रभर भट्टीपाशी उभं राहून आम्ही तेव्हा कुठे डोळे मिटतो. टुंग! इतिहास. टुंग! विचार. आणि पिठाचा भाव कुठे, तर कवितेच्या आधी, इतिहासाच्या खाली!”

“कोणाला कळत नाही म्हणालीस. मावशी, ते बटण थेट थोरल्या कंपनीत वाजतं. तुमच्या सगळ्यांच्या चांगुलपणामुळे आपली सभा बुडतेय.”

“आणि तुझी नोकरी,” मावशी म्हणाली. तिचं हसू एकदम थांबलं. “थांब. बघते मी एकेकाकडे.”

मंगळवार, २६

सकाळपासून बसून पहाटपत्राच्या अगदी वर एक बटण केलं: ‘नको’. दाबलं की पत्र कायमचं बंद, कारण विचारणार नाही, रागावणार नाही. शिवाय यापुढे जे स्वतःहून ‘हवं’ म्हणतील त्यांनाच पाठवायचं. तिकीटवाले फोनवर मदतीला होते. ‘नको’ बटणाचा रंग कोणता असावा यावर आमची बरीच चर्चा झाली. ते म्हणाले, “मोठं करा, पण माझ्या बोटाला चुकून लागेल इतकं मोठं नको.” फोनवर जाड बोटांचा हा प्रश्न असतोच.

मग थोरल्या कंपनीला लिहिलं. ते सगळंच उतरवते: ‘तुमची यादी बरोबर होती. आमच्या सदस्यांना पत्र नको होतं आणि ते मला सांगायला लाजत होते. मीही नीट विचारलं नव्हतं. आता नको म्हणायची सोय केली आहे आणि हवं म्हणणाऱ्यांनाच पत्र जाईल. शनिवारपर्यंत सभेची नोटीस पोचवायची आहे.’

माझं आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्र. कविता नाही.

संध्याकाळी आईसमोर बसले. “तू पण?” एवढंच म्हटलं.

आईने फोन पदराखाली लपवला. मग म्हणाली, “अगं, तू दिवसभर माझ्याशी बोलतेस. जेवताना बोलतेस, मी झोपले तरी बोलतेस. वर पत्र कशाला?”

बाबा कोपऱ्यातून खो-खो हसले. मग मी त्यांना सभेचं, नोकरीचं सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, “हे आधी का नाही बोललीस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

आईने माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे तूही बादलीतच टाकत होतीस की.”

गुरुवार, २८

मावशीने हाहाकार माजवलाय. ती सायकलवरून बेकरी ते बेकरी फिरतेय आणि प्रत्येकाला समोर उभं करून नकोशा पत्रांच्या ढिगातून माझी पत्रं एकेक बाहेर काढायला लावतेय. ‘हे नकोसं नाही’ असं प्रत्येकावर दाबायचं असतं. तेवढ्याने दार उघडेलच असं नाही, पण थोरल्या कंपनीला आमचा पश्चात्ताप तरी दिसेल.

गंमत म्हणजे बाहेर काढताना लोक वाचतायत! आमचे एक सदस्य आहेत टोस्टवाले, त्यांचा फोन आला. मी घाबरत उचलला.

“हे तू तीन महिन्यांपूर्वी लिहिलंयस, दमट दिवसांत पिठात पाणी कमी घाला म्हणून?”

“हो.”

“मग सांगायचं नाही का! आमचा सगळा माल बसला तेव्हा.”

“लिहिलं होतं ना काका.”

“कुठे? इतिहासाच्या खाली!” आणि मग म्हणाले, “अगं, आणि तुझी ती वाफेची कविता. मला कविता कळत नाही. पण ती भट्टी आमचीच आहे का?”

“तुमचीच.”

“वाटलंच,” म्हणाले आणि फोन ठेवला.

थोरल्या कंपनीकडून काही नाही. उद्या शुक्रवार.

शुक्रवार, २९

काढला! काढला! पत्ता यादीतून काढला!

दुपारी चारला उत्तर आलं. त्याच माणसाचं. ‘तुमचा पत्ता यादीतून काढला आहे. परिणाम सगळीकडे दिसायला एखादा दिवस लागू शकतो. पत्रं एकदम न पाठवता थोडी थोडी सोडा.’ आणि खाली वेगळ्या ओळीत: ‘हे अर्ज मी रोज वाचतो. “यादी बरोबर होती” असं कोणी लिहिलेलं आठवत नाही.’

मी खुर्चीवर उभी राहिले. कोणाला सांगावं कळेना, कार्यालयात कोणी नव्हतं. तिकीटवाल्यांना फोन केला आणि नुसती ओरडले. तेही ओरडले. त्यांच्या मागे बसलेले लोक ‘काय झालं, काय झालं’ विचारत होते. ते म्हणाले, “पाव! पावाची नोटीस!” कोणाला काय कळलं असेल देव जाणे.

शनिवार, ३०

नोटिसा सकाळपासून थोड्या थोड्या सोडल्या, भट्टीत ताटं सरकवावीत तशा. पहिल्या दोन परत आल्या. तासाभराने पुन्हा पाठवल्या, गेल्या. संध्याकाळपर्यंत एकही परत नाही. सचिवांनी स्वतःच्या फोनवर नोटीस उघडली, वर-खाली केली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “आली बुवा.”

“छान?” मी विचारलं.

“नाही,” सचिव म्हणाले. “अक्षर बारीक आहे.”

मी लगेच मोठं केलं.

रविवार, १५

वार्षिक सभा. गर्दी इतकी की मागचे लोक पिठाच्या पोत्यांवर बसले. मी मुद्दाम टेबलाखालची बादली काढून टेबलावर ठेवली आणि सगळी हकिगत सांगितली, बटणापासून माझ्या पावापर्यंत. लोक आधी चपापले, मग कोणीतरी हसलं आणि मग बांध फुटला.

मावशी उठली. “आता सुरुवात झालीच आहे तर बोलते. अध्यक्ष, रागावू नका. तुमचा आंबट पाव खाववत नाही. किती वर्षं झाली, खाववत नाही.”

सगळ्यांच्या माना अध्यक्षकाकांकडे वळल्या. बाबा तर खालीच बघत होते, भट्टी तीच ना.

अध्यक्षकाका हळूहळू उठले. “मलाही नाही खाववत,” म्हणाले.

“मग करता कशाला?”

“तुम्ही सगळे दर सोमवारी डोळे मिटून खायचात! मला वाटलं, एवढा आवडतो, बंद केला तर यांची मनं मोडतील. त्या पावासाठी मी वेगळं विरजण जपतोय, प्रवासालाही जात नाही!”

यानंतर जे झालं त्याची नोंद मी इतिवृत्तात ‘सभासदांनी मनमोकळी चर्चा केली’ अशी केली आहे. प्रत्यक्षात माणसं पोटं धरून पोत्यांवर आडवी झाली होती. मग प्रत्येकाने प्रत्येकाला सांगून टाकलं. बिस्किटं भुसभुशीत, टोस्ट जाड, वजनात काटछाट. दोघांचं जरा वाजलंही, पण कोणी उठून गेलं नाही.

सर्व्हर ठेवायचा ठराव हात वर करून झाला. सचिवांनी विरोधात हात वर केला आणि म्हणाले, “मेहुण्याखातर करावा लागतो, मोजू नका.” मला कायम करायच्या ठरावावर अध्यक्षांनी विचारलं, “कोणाला नको आहे का? आज मोकळेपणाने सांगा.”

आज पहिल्यांदाच त्या प्रश्नाला खरा अर्थ होता.

कोणीच हात वर केला नाही. मावशी म्हणाली, “मुलगी हवी. पाव नको.”

सोमवार, १६

‘हवं-नको’ची उत्तरं आली. नको म्हणणारे खूपच जास्त, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता. कारण विचारलंच नव्हतं तरी प्रत्येकाने दिलंय! ‘नको, पण दमट हवेचं तेवढं कळव.’ ‘नको. दुपारी चारला पाठवलंस तर हवं.’ आईचं उत्तर: ‘नको. घरी ये लवकर.’ चार महिने मी ज्या उत्तरांची वाट बघत होते ती ही. उद्यापासून पहाटपत्र दुपारी निघेल, भाव आणि हवा सगळ्यांत वर. इतिहास भाग एकशे विसाला थांबवला आहे. सहकाराचा विकास तिथवर बऱ्यापैकी झाला होता.

हवं म्हणणारे थोडेच. टोस्टवाले आहेत. अध्यक्षकाका आहेत. आणि एक ‘हवं’ आपल्या सदस्याचं नाहीच, तिकीटवाल्यांचं आहे. चाचणी संपून इतके दिवस झाले, त्यांचं नाव काढायचं राहूनच गेलं माझ्याकडून. त्यांनी लिहिलंय: ‘हवं. पिठाचा भाव नसला तरी चालेल. कविता आणि रविवार असू द्या.’ बेकरी नसलेल्या माणसाला भाव कशाला, हे पटलं. रविवारचं नीट कळलं नाही. उद्या विचारते, कारण उद्या ते मशीन बघायला येणार आहेत. मशीन त्यांच्याच इमारतीत आहे, हे पुन्हा विसरलेले दिसतात.

एकाच गोष्टीचं वाईट वाटतंय. आंबट पाव आजपासून कायमचा बंद झाला, आणि तिकीटवाल्यांना तो किती आवडतो! म्हणून काकांकडून शेवटचा एक, चांगला मोठा बघून, मागून ठेवलाय.